मालवण-पणजीचं ‘कपल पॅकेज’: पैसे कुठे कुठे कापले जातात

तीन रात्री मालवण, दोन रात्री पणजी. हॉटेल, नाश्ता, साइटसीइंग, स्कूबा, क्रूझ, कँडललाइट डिनर, सगळं इन्क्लुडेड. अशी चार पानी पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर येते आणि खाली ठळक अक्षरांत ‘आज बुक केलं तरच हा रेट’. या पॅकेजात जोडपी अगदी रस्त्यावर येतात असं सहसा होत नाही. खोली मिळते, गाडी येते, पानात मासाही पडतो. पण प्रत्येक ओळीत थोडं थोडं कापलेलं असतं, आणि भांडायला जावं तर कागदावर धरून बोलण्यासारखं काही लिहिलेलंच नसतं. ‘फिश थाळी’ लिहिलंय, कुठला मासा ते नाही. ‘क्रूझ’ लिहिलंय, किती वेळाची ते नाही.

सुरुवात फुकटच्या गोष्टींपासून. जुन्या गोव्यातली बॅसिलिका ऑफ बॉम जीझस आणि समोरचं से कॅथेड्रल पाहायला तिकीट नाही. मिरामारची चौपाटी, फोंतेन्हासच्या गल्ल्या यांनाही नाही. तरी ‘एंट्री चार्जेससह हेरिटेज टूर’ असं लिहून माणशी रक्कम लावलेली असते. तिकीट आहे ते जुन्या गोव्यातल्या पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयाला, आणि ते शुक्रवारी बंद असतं. नेमका शुक्रवार गाठून ते दाखवायचं आश्वासन दिलं असेल, तर प्लॅन करणाऱ्याने तारखाही पाहिलेल्या नाहीत. फोंड्याकडच्या मसाल्याच्या बागांत उलटा प्रकार. तिथल्या बहुतेक बागांच्या प्रवेशशुल्कातच दुपारचं जेवण असतं, पण पॅकेजात ‘स्पाइस प्लांटेशन’ आणि ‘लंच’ या दोन वेगळ्या ओळी दिसतात. एका जेवणाचे पैसे दोनदा.

सिंधुदुर्ग किल्ल्याची ओळ नीट वाचा. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर बांधायला घेतलेला हा किल्ला बघायला मालवण जेटीवरून होडीने जावं लागतं, तिकीट माणशी असतं आणि ते जेटीवरच मिळतं. पॅकेजवाले याला ‘प्रायव्हेट बोट राइड’ म्हणतात आणि बसवतात त्याच भरलेल्या होडीत. वर किल्ल्यात फिरायला साधारण तासभरच मिळतो, कारण ज्या होडीने गेलात तिनेच परतायचं असतं. गाइडचे पैसे वेगळे. हे आधी कळलं तर राग येत नाही, जेटीवर कळलं तर येतो.

मग कॅलेंडर. पॅकेज खरं की कागदी, हे ओळखायला याइतकी सोपी चाचणी नाही. मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरपर्यंत मालवणची प्रवासी होडी, वॉटर स्पोर्ट्स आणि स्कूबा बंद असतात. गोव्यातले शॅक, म्हणजे किनाऱ्यावरची तात्पुरती झोपडीवजा हॉटेलं, हंगामी परवान्यावर चालतात आणि पावसाळ्याआधी उतरवले जातात. त्यामुळे जुलैच्या तारखांना ‘स्कूबा’ आणि ‘बीच शॅकवर कँडललाइट डिनर’ देऊ करणारा माणूस एक तर दर्या न पाहिलेला आहे, नाहीतर शेवटच्या क्षणी ‘हवामानामुळे रद्द, रिफंड नाही’ म्हणायच्या तयारीत आहे.

स्कूबात फसवणूक होते ती मिनिटांची. मालवणला नवख्यांसाठी जे होतं ते असं: होडीने किल्ल्याच्या आसपास नेतात, उथळ पाण्यात मास्क लावून रेग्युलेटरमधून, म्हणजे सिलिंडरला जोडलेल्या नळीच्या तोंडातून, श्वास घ्यायला शिकवतात, मग इन्स्ट्रक्टर मागून सिलिंडर धरून खाली नेतो. खोली काही फुटांची आणि पाण्याखालचा वेळ दहा-पंधरा मिनिटांचा. यात वाईट काही नाही. पण पीडीएफमध्ये ‘४५ मिनिटं स्कूबा’ छापलेलं असतं आणि त्यात होडीचा प्रवास, कपडे बदलणं, सराव सगळं मोजलेलं असतं. कुणी नुसतं स्नॉर्कलिंग करवतात, म्हणजे तोंड पाण्यात, अंग वर, आणि त्यालाच स्कूबा म्हणतात. विचारायचं ते असं: सिलिंडर पाठीला असेल का, पाण्याखाली किती मिनिटं, एका वेळी एका माणसामागे एक इन्स्ट्रक्टर का, व्हिडिओ दरात आहे की पेनड्राइव्हचे वेगळे? दमा, हृदयविकार, कानाचं दुखणं, गर्भारपण याबद्दलचा आरोग्य-फॉर्म भरून घेतात का? फॉर्मच नसेल तर तिथे पाण्यात उतरू नका. आणि स्कूबा पणजीच्या शेवटच्या दिवशी ढकलू देऊ नका. एका डुबकीनंतर विमानात बसण्याआधी किमान बारा तास मध्ये असावेत.

आता मुख्य विषय, जेवण. सगळ्यात मोठी गफलत इथेच होते.

नुसतं ‘फिश थाळी’ लिहिलं की त्याचा अर्थ त्या दिवशीचा स्वस्त मासा. बांगडा थाळी आणि सुरमई थाळी यांच्या दरात भरपूर फरक असतो. बांगडा वाईट नाही, मालवणी रश्श्यात तो सुरमईच्या वरचढ लागतो असं आमचं मत, पण पैसे सुरमईचे घेऊन बांगडा वाढणं ही लबाडी. लिहून घ्यायचं ते असं: कुठला मासा, तळलेल्या तुकड्या किती, रस्सा, भात आणि सोलकढी परत मिळेल का, भाकरी की वडे आणि किती. ‘अनलिमिटेड’ हा शब्द बहुधा भात-रश्श्यापुरता असतो, तुकडी एकदाच.

पापलेट, खेकडे, मोठी कोळंबी यांच्यापुढे मेनूकार्डावर ‘साइजप्रमाणे’ असतं. तिथे मासा निवडायचा, वजन समोर करून घ्यायचं आणि दर किलोचा की नगाचा हे विचारून मगच तव्यावर जाऊ द्यायचा. शिजलेल्या माशाचं वजन भांडणात उपयोगी पडत नाही. कल्ले लाल, डोळा फुगीर आणि बोटाने दाबलं की मांस परत वर येणारा मासा ताजा. काटे काढलेली, ओळख पुसलेली पांढरी फिले ‘आजचा ताजा मासा’ म्हणून समोर आली तर शंका घ्या, तो बऱ्याचदा तळ्यात वाढवलेला बासा असतो. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते. त्या काळात ‘आज सकाळचीच सुरमई’ हे ऐकलं तर हसून खाडीच्या माशाची चौकशी करावी.

कँडललाइट डिनर म्हणजे अनेकदा दोन मेणबत्त्या, अर्धा किलो केक आणि ठरलेला मेनू. मेनू, जागा आणि पेयं बिलात आहेत का, एवढं विचारा. बिलावर जीएसटी क्रमांक महाराष्ट्रात २७ ने आणि गोव्यात ३० ने सुरू व्हायला हवा, शिवाय अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे. २०२२ च्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या सूचना दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये कायम ठेवल्या, त्यामुळे तो काढून मागता येतो.

पणजीतली मांडवीवरची साधी संध्याकाळची क्रूझ तासाभराची असते, गाणी-नाच असतात, जेवण नसतं. डिनर क्रूझ वेगळी, दर वेगळा. पॅकेजात ‘क्रूझ विथ डिनर’ लिहून साध्या क्रूझचं तिकीट आणि भलत्याच हॉटेलचं कूपन हातात ठेवतात.

मालवणहून पणजी शंभरेक किलोमीटरच्या वर, रस्त्याने तीनेक तास. गाडीची नंबरपाटी पिवळी हवी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणं बेकायदा, विम्याचाही घोळ. गोव्यात भाड्याच्या स्कूटरला काळी पाटी आणि पिवळी अक्षरं असतात. विमानाने येणार असाल तर गोव्याच्या दोन विमानतळांपैकी मोपा की दाबोळी हे पिकअपच्या ओळीत नावानिशी लिहून घ्या. ‘गोवा एअरपोर्ट’ एवढंच असेल तर जादा भाडं ठरलेलं.

बुकिंग करताना ऑनलाइन नकाशावरच्या नुसत्या फोन नंबरवर विश्वास नको, ते नंबर बदललेले सापडतात. हॉटेलच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा नंबर ताडून बघा. गोव्यात राहण्याच्या जागेला पर्यटन खात्याची नोंदणी लागते, तिचा क्रमांक मागा. लग्न न झालेल्या किंवा त्याच गावच्या जोडप्यांनी आयडीबद्दलचा नियम आधी लेखी घ्यावा, नाहीतर दारात ‘कपल चालत नाही’ म्हणून दुसऱ्या महाग लॉजवर पाठवतात. पैसे परत मिळण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. ‘रिफंडसाठी क्यूआर स्कॅन करा’ म्हटलं की फोन ठेवा.

पैसे गेलेच तर तासाभरात १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन, मग सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार. जितक्या लवकर, तितकी समोरच्या खात्यात रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. आपल्याच हाताने पाठवलेले पैसे बँक ‘अनधिकृत व्यवहार’ मानत नाही, त्यामुळे तीन दिवसांत कळवलं की बँक भरून देते या समजुतीवर बसू नका. खोली मिळाली पण ठरलेलं दिलं नाही, असा प्रकार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे उपयोगी पडते ती मूळ पीडीएफ आणि चॅट. म्हणून ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ होण्याआधी दोन्ही सेव्ह करून ठेवा, तारीख-वेळ दिसेल अशी.