ड्रायव्हरसाठी परवाना: जीपीएल की बीएसडी?

लिनक्स कर्नल, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, १९९२ पासून जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअर परवान्याखाली आहे, तेही दुसऱ्या आवृत्तीच्या. अट सरळ आहे: ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा कोड) बदलून लोकांना दिलात, तर बदललेला सोर्स, म्हणजे मूळ कोडही द्यायचा. बीएसडी हा दुसरा मुक्त परवाना एवढं मागत नाही. कॉपीराइटची ओळ आणि जबाबदारी नाकारणारा मजकूर तसाच ठेवा, मग कोड बंद, म्हणजे सोर्स न देणाऱ्या उत्पादनात घातला तरी चालतं.

वाचायला बीएसडी मोकळा वाटतो. पण लिनक्समध्ये मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा ड्रायव्हरसारखा भाग) लोड होताना कर्नल त्याच्या परवान्याची नोंद तपासतं. तिथे नुसतं 'बीएसडी' लिहिलंत तरी कर्नलवर 'टेंटेड' (दूषित) हा शिक्का बसतो, आणि जीपीएल मॉड्यूलसाठी राखलेली फंक्शन्स मिळत नाहीत. बरेच नवखे इथेच अडकतात. 'ड्युअल बीएसडी/जीपीएल', म्हणजे दोन्ही परवाने एकत्र, लिहिलं की दार उघडतं.

कंपनीने हार्डवेअर वाऱ्यावर सोडलं, की मला जीपीएलची किंमत कळते. वाटलेल्या ड्रायव्हरचा सोर्स मागण्याचा हक्क असतो, तो दुरुस्त करून पुढच्या कर्नलवर नेता येतो. बीएसडीखालचा कोड बंद करून विकला असेल, तर असा हक्कच नाही.

तरीही फक्त जीपीएल धरून बसू नये. लिनक्समधले बरेचसे ग्राफिक्स ड्रायव्हर एमआयटी या तितक्याच मोकळ्या परवान्याखाली आहेत, म्हणूनच फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडी या वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम ते आपल्याकडे नेऊ शकले. नवा ड्रायव्हर लिहिणार असाल तर मी दुहेरी परवानाच सुचवेन. मात्र दुसऱ्याच्या जीपीएल ड्रायव्हरमधून कोड उचलला असेल, तर ही मुभा तुम्हाला नाही.