फोंड्यातल्या दवाखान्यात त्वचेची सोनोग्राफी: नऊ महिन्यांनंतर

माझ्या त्वचारोग दवाखान्यात २० मेगाहर्ट्झचे सोनोग्राफी यंत्र आले, त्याला आता नऊ महिने झाले. पोटाच्या तपासणीत साधारणपणे ३ ते ५ मेगाहर्ट्झच्या लहरी वापरतात. वारंवारता वाढली की बारकावा वाढतो आणि खोली घटते, त्यामुळे हे यंत्र सात-आठ मिलिमीटरपलीकडे फारसे पाहत नाही. पण अंतस्त्वचा बहुतेक ठिकाणी एक-दोन मिलिमीटरचीच असल्याने तेवढे पुरते. (एवढ्या उथळ यंत्रासाठीही मी गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखालच्या नोंदणीची कागदपत्रे केली, हे जाता जाता सांगतो.)

सर्वांत उपयोगी ठरला तो बाह्यत्वचेच्या लगेच खाली दिसणारा, प्रतिध्वनी कमी देणारा काळपट पट्टा. उन्हाने जीर्ण झालेल्या त्वचेत तो ठळक होतो, हे १९८९ पासून प्रसिद्ध आहे. वयाची साठी ओलांडलेल्या एका रापणकाराच्या (किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या मच्छीमाराच्या) मनगटाजवळ, हाताच्या बाहेरच्या अंगाला हा पट्टा स्पष्ट दिसला, तर त्याच हाताच्या दंडाच्या आतल्या बाजूला, जिथे ऊन कधी पोहोचत नाही, तो जवळजवळ नव्हताच. दोन्ही जागांचे वय एकच! म्हणूनच विक्रेत्याने मोठ्या कौतुकाने दाखवलेला ‘त्वचेचे वय’ हा पडद्यावरचा आकडा मी रुग्णांना सांगणे बंद केले आहे. एकाच माणसाला जागेगणिक वेगळे वय मिळत असेल, तर तो आकडा नेमका कशाचा?

एक चूक मात्र माझी स्वतःची होती. एका रुग्णाच्या गालाची पहिली नोंद सकाळी आणि पुढची संध्याकाळी घेतली, आणि जाडी कमी झाल्याचे श्रेय मी मलमाला दिले. वास्तविक चेहऱ्यावरची सकाळची सूज दिवसभरात ओसरते, आणि पायांत नेमके उलटे घडते. तेव्हापासून वेळ, जागा आणि हाडापासूनचे अंतर वहीत लिहिल्याशिवाय मी मोजमाप करत नाही. जेलचा थर जाड ठेवून यंत्राचे टोक हलकेच टेकवावे लागते, कारण थोडे दाबले तरी त्वचा पातळ भासते.

मॉर्फियाच्या (त्वचेचे काही भाग कडक आणि जाड होण्याच्या आजाराच्या) रुग्णांत यंत्राने आपली किंमत वसूल केली. कडक झालेला भाग आणि शरीराच्या दुसऱ्या बाजूची तीच जागा यांची तुलना करता येते, आणि औषधाने घटणारी जाडी बोटांना जाणवण्याआधी मोजता येते. संशयास्पद तिळाबाबत मात्र ते निकाल देत नाही: निरुपद्रवी तीळ आणि कर्करोग दोन्ही पडद्यावर काळेच दिसू शकतात, म्हणून तिथे बायोप्सी टळत नाही. जाड खपलीखाली सावली पडते आणि खालचे काहीच दिसत नाही.

कुरकुर म्हणाल तर ती पाण्याने भरलेल्या टोकाची आहे. त्यात एखादा बुडबुडा शिरला की चित्रात उभी काळी रेघ उमटते, आणि तो काढण्यात रुग्णासमोर पाच मिनिटे जातात.