मुलांच्या हाती वजनकाटा: पाकिटामागचे आकडे शिकवायला कितपत कामाचा?

शाळेत आहाराचा धडा झाला की कर्बोदकं कशात, प्रथिनं कशात, कुठल्या जीवनसत्त्वाच्या अभावी कुठला आजार, एवढं मुलाला पाठ होतं. उत्तरपत्रिकेला तेवढं पुरतं. पण त्याच मुलाच्या हाती बिस्किटांचा पुडा देऊन ‘यातल्या चार बिस्किटांत साखर किती?’ असं विचारलं की गाडी अडते. ‘किती’ हा भाग धड्यात जवळपास नसतोच. तो घरी भरून काढायला भिंतीवरचे तक्ते, कप्प्यांच्या ताटल्या, पत्त्यांचे खेळ असं बरंच काही विकत मिळतं. या सगळ्यांपेक्षा स्वयंपाकघरातला साधा डिजिटल वजनकाटा जास्त कामाचा. पाचपैकी चार गुण. उरलेला एक गुण का कापला, ते पुढे येईलच.

काटा घेताना ५ किलोपर्यंत तोलणारा आणि १ ग्रॅमचा फरक दाखवणारा घ्यावा. ०.१ ग्रॅमचे छोटे काटे मोहात पाडतात, पण त्यांची कमाल मर्यादा बहुधा ५०० ग्रॅमच्या आसपास असते. काचेचा एक जड वाडगा ठेवला की निम्मी मर्यादा तिथेच संपते. शिवाय पंख्याच्या वाऱ्यानेही आकडा हलत राहतो आणि मूल कंटाळतं. आकड्यांची पट्टी तबकाच्या बाहेर, पुढच्या कडेला असावी. तबकाखाली असली तर मोठी ताटली ठेवल्यावर ती झाकली जाते आणि मूल वाकून, ताटली तिरकी करून आकडा बघू लागतं. तो आकडा अर्थातच चुकीचा.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे बॅटरी. अनेक चपट्या काट्यांत बटणाएवढा लिथियमचा चपटा सेल असतो. लहान मुलाने तो गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकतं. घरात लहान भावंड असेल तर पेन्सिल सेलवर चालणाराच काटा घ्यावा. बटण सेलचाच घेतला असेल तर झाकणाला स्क्रू हवा. नुसतं नखाने सरकणारं झाकण असलेला काटा दुकानातच ठेवून यावं.

घरी आणल्यावर आधी तपासणी. औषधाच्या सिरिंजने मोजून ५० मिली पाणी रिकाम्या वाटीत सोडा. आधी वाटी ठेवून काटा शून्यावर आणलेला असेल तर ५० ग्रॅम दिसायला हवेत, एखादा ग्रॅम इकडेतिकडे चालेल. ‘मिली’ असं बटण असेल तर ते काय करतं, हेही इथेच दाखवता येतं. साध्या काट्यात ते पाण्याचा हिशेब धरून ग्रॅमचाच आकडा मिलीच्या नावाने दाखवतं. तेलाची घनता ०.९२च्या जवळपास असते, त्यामुळे १०० ग्रॅम तेल म्हणजे सुमारे १०९ मिली. काटा मात्र १०० मिलीच म्हणेल.

आता त्याची खरी खोड. काटा शून्यावर असताना चिमूटचिमूट मीठ टाकत गेलात तर आकडा हलतच नाही. काटा बिघडला असं वाटतं, पण बिघाड नसतो. शून्याच्या आसपासचा हळू बदल म्हणजे तापमानामुळे सरकलेला आकडा, असं समजून काटा स्वतःला पुन्हा शून्यावर आणत राहतो. मीठ पडतं आणि काटा ते गिळून टाकतो. उपाय सोपा आहे. शंभरेक ग्रॅमची वाटी ठेवा, ती शून्य करू नका, आधीचा आकडा कागदावर लिहा, मग मीठ घाला आणि वजाबाकी करा. तरीही ३ ग्रॅमच्या खालच्या आकड्यावर विसंबू नये. दहा चिमटी एकत्र तोलून दहाने भागलं तर एका चिमटीचा जास्त भरवशाचा आकडा मिळतो.

पहिला धडा साखरेचा. कोला प्रकारच्या पेयात १०० मिलीमागे साधारण १०.६ ग्रॅम साखर असते, म्हणजे ३३० मिलीच्या डब्यात ३५ ग्रॅम. मुलाला आधी अंदाजाने तेवढी साखर वाटीत काढायला सांगा, मग तोला. सपाट चहाचा चमचा धरला तर एका चमच्यात ४ ग्रॅम, म्हणजे पावणेनऊ चमचे. चमचा शिगोशिग भरला तर हिशेब कोसळतो, म्हणून सुरीच्या पाठीने सपाट करायची सवय पहिल्या दिवशीच लावावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनेनुसार मुक्त साखरेतून, म्हणजे मुख्यतः वरून घातलेल्या साखरेतून, मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी हवी, आणि ५ टक्क्यांच्या खाली आली तर आणखी चांगलं. साखरेच्या एका ग्रॅममध्ये ४ किलोकॅलरी असतात. त्यामुळे १६०० किलोकॅलरीच्या आहारात १० टक्के म्हणजे ४० ग्रॅम आणि ५ टक्के म्हणजे २० ग्रॅम. मध आणि फळांचा रस मुक्त साखरेतच धरतात. अख्खं फळ धरत नाहीत. हा फरक पुष्कळ मोठ्यांनाही ठाऊक नसतो.

दुसरा धडा पाकिटाचा, आणि काट्याची किंमत इथेच वसूल होते. पाकिटावर सहसा १०० ग्रॅममागचे आकडे असतात आणि शेजारी ‘एका वाढपाचे’, म्हणजे एका वेळी खायच्या भागाचे. वाढप किती मोठं, हे उत्पादक ठरवतो. समजा नाश्त्याच्या सीरियलवर वाढप ३० ग्रॅम लिहिलंय आणि साखर १०० ग्रॅमला २४ ग्रॅम. छापील हिशेबाने ७.२ ग्रॅम साखर. मुलाला रिकाम्या वाडग्यात रोजच्यासारखं ओतू द्या, मध्ये बोलू नका, मग तोला. ६५ ग्रॅम भरलं तर साखर १५.६ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ चार चमचे. दशांशांचा गुणाकार येत असेल तर मूल हे स्वतः करतं. येत नसेल तर ३० ग्रॅमचा आणि नेहमीचा असे दोन वाडगे शेजारी ठेवले तरी मुद्दा कळतो.

इथे एक घोटाळा हमखास होतो. लेबलवरच्या ‘एकूण साखरे’त दुधातली नैसर्गिक साखरही मोजलेली असते. साध्या दुधात १०० मिलीमागे ती ५ ग्रॅमच्या जवळपास असते. हे सांगितलं नाही तर मूल बिनसाखरेच्या दह्याच्या डब्यावरही ‘साखर’ वाचून नाक मुरडतं. अशा वेळी घटकांची यादी वाचायला लावावी, कारण वरून घातलेली साखर तिथे नावानिशी असते. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लावलेली असते. म्हणून साखर, ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज अशी वेगवेगळी नावं आली की प्रत्येक नाव यादीत खाली सरकतं आणि साखर कमी असल्याचा भास होतो.

मिठाचं सूत्र एकच: सोडियम गुणिले २.५. १०० ग्रॅममध्ये ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. मोठ्यांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी ही मर्यादा आहे, मुलांना ऊर्जेच्या गरजेप्रमाणे त्याहून कमी. ते ५ ग्रॅम एकदा बशीत काढून दाखवले की पुरे.

फळं-भाज्या तोलणं मुलांना सर्वांत आवडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या सूचनांप्रमाणे २ ते ५ वर्षांच्या मुलाला दिवसाला किमान २५० ग्रॅम, ६ ते ९ वर्षांच्या मुलाला ३५० आणि १० वर्षांपासून पुढे ४०० ग्रॅम भाज्या-फळं हवीत. बटाटा यात धरत नाहीत. केळं सालीसकट तोला, सोला, पुन्हा तोला. साधारण एक तृतीयांश वजन सालीतच गेलेलं दिसतं. मोजायचा तो खाण्याजोगा भाग.

कप्प्यांच्या ताटलीबद्दल थोडक्यात. अमेरिकेत २०११ साली अन्नाच्या पिरॅमिडची जागा ताटलीच्या चित्राने घेतली, त्यात अर्धी ताटली फळं-भाज्यांची. प्रमाण डोळ्यांत बसवायला ती उत्तम, पण तिला उंची कळत नाही. एका कप्प्यात पातळ थर आणि दुसऱ्यात डोंगर, तरी दोन्ही ‘बरोबर’. चारपाच वर्षांच्या मुलासाठी ताटली घ्या, काटा साताठ वर्षांनंतर.

आणि तो कापलेला गुण. काट्याबरोबर बरेचदा एखादं अ‍ॅप येतं. ते प्रत्येक घासाच्या कॅलरी मोजतं, लक्ष्य देतं, ओलांडलं की लाल रंग दाखवतं. ते अजिबात जोडू नये. काटा पाकिटाला, साखरेला, मिठाला लावायचा. मुलाच्या ताटाला रोज लावला की ते भुकेपेक्षा आकड्याकडे बघून जेवायला शिकतं. वाडगा तोलायचा प्रयोग एका खाद्यपदार्थापुरता एकदाच. तोलून झाल्यावर ‘एवढं खाल्लंस?’ हा सूर नको आणि वाडग्यातलं काढून घेणं तर नकोच, नाहीतर पुढच्या वेळी मूल मुद्दाम कमी ओतेल आणि नंतर चोरून खाईल. मुलाच्या शरीराचं वजन हा विषय या टेबलावर आणू नये.

जेवण टाळणारं, वजनावरून स्वतःला बोल लावणारं किंवा खाण्याच्या विकारातून गेलेलं कुणी घरात असेल, तर काटा घेऊच नये. तिथे ५ मिलीचा मापाचा चमचा पुरतो: सपाट भरला तर साखर सुमारे ४ ग्रॅम, बारीक मीठ सुमारे ६ ग्रॅम.