सहावी ट्यूब कापताना

काल रात्री कात्रीने मॉइश्चरायझरची ट्यूब मधोमध कापली. कितीही चेपलं तरी काही येईना, पण हाताला वजन लागत होतं. कापून बघितलं तर कडेच्या शिवणीला क्रीम चिकटलेलं होतं, तीन दिवस सहज पुरेल इतकं. ही सहावी. पहिली नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात उघडली होती, म्हणजे दहा महिने झाले. आठ दिवस वापरून 'एकदम भारी, पाच स्टार' लिहिणाऱ्यांवर मी पूर्वी विश्वास ठेवलेला आहे आणि त्याची किंमतही मोजली आहे. म्हणून या वेळी ठरवलं होतं की हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळा पार पडेपर्यंत एक अक्षर लिहायचं नाही.

माझं वय ४३. जळगावात एका पतसंस्थेत काउंटरवर बसते. रोज स्कूटीवर नऊ किलोमीटर जाणं आणि तितकंच येणं. कातडी मुळात कोरडी, दोन्ही गालांवर वांग. घरात बोअरचं पाणी, इतकं जड की बादलीला आतून पांढरं कडं धरतं आणि साबणाला फेस येत नाही. हे सगळं आधी सांगते, कारण कुणाचंही क्रीमबद्दलचं मत वाचताना मी आता पहिल्यांदा हेच शोधते की हा माणूस राहतो कुठे आणि याची कातडी कशी आहे.

या क्रीमच्या आधी एक डबी होती. भाच्याच्या लग्नाच्या चार महिने आधी एका पार्लरमध्ये मिळाली. पांढरी प्लास्टिकची डबी, वर ना नाव ना तारीख. 'ताई, आमचा स्वतःचा फॉर्म्युला आहे, पंधरा दिवसांत बघा.' आणि खरं सांगते, पंधरा दिवसांत फरक पडला. वांग फिकट झाले, चेहरा तुकतुकीत दिसायला लागला, ऑफिसात तिघींनी विचारलं काय लावतेस. मी तिघींनाही पत्ता दिला, याची अजून लाज वाटते. लग्न झालं, डबी संपली, आणि चौथ्या दिवशी आरशात बघवेना. गाल लालभडक, आग, बारीक बारीक पुटकुळ्या. पुन्हा डबी आणली की शांत, बंद केली की दुप्पट. पाच महिने हा खेळ चालला. शेवटी हनुवटीवर बारीक लव वाढलेली दिसली आणि नाकाच्या बाजूला लाल शिरा, तेव्हा त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले.

डॉक्टर मॅडमनी भिंग लावून पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, 'डबी आणली आहे का?' मी पर्समधून काढून दिली. 'यात स्टिरॉइड असणार, तुमचा चेहराच सांगतोय,' म्हणाल्या. एरवी डॉक्टर स्वतःही वांगांवर स्टिरॉइड असलेलं मिश्र मलम देतात, पण मोजके आठवडे आणि लक्ष ठेवून. २०१८ साली सरकारने स्टिरॉइडची बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली ती याचसाठी. पण बिनलेबलच्या डबीला कुठली चिठ्ठी आणि कुठलं काय. पाऱ्याचं भय वेगळंच. अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना गोरं करणाऱ्या क्रीमने त्रास झाल्याची बातमी २०२३ मध्ये आली होती, त्या क्रीममध्ये पारा निघाला होता. अकोला काही लांब नाही आमच्यापासून. मॅडमनी लघवी-रक्ताच्या तपासण्या करून घेतल्या, नशिबाने ठीक निघाल्या.

पहिले सहा आठवडे औषधपाण्यात गेले, ते इथे लिहीत नाही, कारण ते ज्याचं त्याने डॉक्टरांनाच विचारावं. असल्या डबीतलं क्रीम लावणं कसं थांबवायचं हेसुद्धा त्यांनाच विचारावं. माझा चेहरा आधी आणखी बिघडला आणि मग हळूहळू निवळला. त्यानंतर मॅडमनी कागदावर तीनच ओळी लिहिल्या. साबण नसलेला सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. मी विचारलं, 'आणि वांगांसाठी?' त्या म्हणाल्या, 'आधी भिंत तर दुरुस्त करू, रंग मग बघू.' माझे वडील गवंडीकामाचे ठेकेदार होते, त्यामुळे हे मला लगेच कळलं. कातडीचा वरचा थर विटांसारखा आणि मधल्या दरजांमध्ये सेरामाइड वगैरे स्निग्ध पदार्थ. माझ्या दरजा उकरल्या गेल्या होत्या. आतलं पाणी उडून जात होतं आणि बाहेरचं काहीही आत जाऊन झोंबत होतं.

मेडिकलमध्ये गेले तर काउंटरमागे भिंतभर क्रीम. आयुष्यात पहिल्यांदा मी ट्यूब उलटी करून मागची बाजू वाचली. अक्षर इतकं बारीक की शेवटी मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचलं. घटक जास्त प्रमाणाकडून कमीकडे लिहिलेले असतात, फक्त एक टक्क्याच्या आतले कुठल्याही क्रमाने लिहिले तरी चालतात. हे कळल्यावर पुढच्या बाजूच्या अर्ध्या गोष्टींची हवाच निघते. पुढे मोठ्ठं केशर आणि बदाम, मागे शोधावं तर दोघं यादीच्या शेपटाला, सुगंधाच्याही खाली. 'अल्कोहोल' वाचून एक ट्यूब मी तिथल्या तिथे परत ठेवली होती. नंतर कळलं की सेटेअरिल अल्कोहोल म्हणजे स्पिरिट नव्हे, तो मेणासारखा मऊ पदार्थ असतो आणि कोरड्या कातडीला चांगलाच. म्हणजे अर्धवट वाचणंही नडतंच.

शेवटी घेतली ती ही. पाण्यानंतर लगेच ग्लिसरीन, मग पेट्रोलियम जेली, पुढे नायसिनामाइड, म्हणजे डागांवर चालणारा ब-३ जीवनसत्त्वाचा प्रकार, चार टक्के (हे पुढच्या बाजूलाही छापलं आहे), तीन प्रकारचे सेरामाइड, आणि सुगंध अजिबात नाही. ५० ग्रॅमला ३४० रुपये. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. हीच घडण थोड्याफार फरकाने चार-पाच कंपन्यांच्या ट्यूबमध्ये आहे, आणि नाव लिहिलं की मागची बाजू कुणी वाचत नाही. मी पार्लरचा पत्ता दिला तेव्हा तिघींनीही वाचली नव्हती. वाचायला डबीवर काही होतंच कुठे म्हणा.

घरी आणल्यावर लगेच तोंडाला लावली नाही. कोपराच्या खळीत रोज दोनदा, आठवडाभर. काही झालं नाही. मग जबड्याच्या कडेला दोन दिवस. मग चेहरा. आई म्हणाली, 'क्रीम लावतेस की सोयरीक जुळवतेस?'

आईचा विषय निघालाच आहे तर तिचंही सांगते. तिच्या कपाटात कैलास जीवनची डबी माझ्या आठवणीपासून आहे. भाजलं, चिरलं, भेगा पडल्या, डोकं दुखलं, सगळ्याला तेच. तिचा सल्ला होता की शतधौत घृत कर, घरच्या घरी, शुद्ध. मीही उत्साहाने तांब्याच्या ताटात गाईचं तूप घेतलं, पाणी घालायचं, फेटायचं, पाणी ओतायचं, पुन्हा. शंभर वेळा. चाळीसपर्यंत मोजलं, मग हात आणि आकडा दोन्ही सुटले. पण झालं मात्र सुंदर, पांढरंशुभ्र, लोण्यासारखं. आठव्या दिवशी झाकण उघडलं तर खवट वास. त्यात पाणी अडकलेलं आणि टिकवायला काही नाही, दुसरं काय होणार. ट्यूबच्या मागे फिनॉक्सीइथेनॉल, म्हणजे क्रीम टिकवणारं रसायन, दिसलं की पूर्वी मी नाक मुरडायचे, आता मुरडत नाही. पाणी असलेलं क्रीम वर्षभर नासू नये असं वाटत असेल तर काहीतरी घालावंच लागतं.

डिसेंबर आणि जानेवारीत क्रीमची खरी कसोटी लागली. इथे थंडी चांगली पडते, पहाटे पारा दहाच्या खाली जातो आणि हवा कोरडीठाक. माझं मोजमाप साधं होतं. दुपारी चार वाजता, रोकड जुळवायला बसण्याआधी, गालावर हात फिरवून बघायचं. डबीच्या काळात चारपर्यंत गाल ओढल्यासारखा व्हायचा आणि ओठांच्या कडेला पापुद्रे निघायचे. पहिल्या दहा दिवसांत काहीच फरक वाटला नाही. खरं तर कंटाळा आला, कारण डबीने पंधरा दिवसांत जादू दाखवली होती. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस सहा वाजता घरी येताना लक्षात आलं की आज चार वाजता हात फिरवायचा राहूनच गेला. चेहऱ्याने आठवण करून दिली नाही. माझ्यासाठी सगळ्यात मोठा फरक तोच.

पण सगळं श्रेय क्रीमला देणं खोटं ठरेल. जानेवारीत आठ दिवस पुण्याला नणंदेकडे होते, तर तिथे निम्म्या क्रीममध्ये भागत होतं. तिच्याकडे महापालिकेचं पाणी. परत आल्यावर पुन्हा ओढल्यासारखं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ तोंड बोअरच्या पाण्यानेच धुते, पण शेवटचा एक तांब्या प्यायच्या फिल्टरमधला. तोंड टिपायचं, पुसायचं नाही, आणि ओलसर असतानाच क्रीम लावायचं. ग्लिसरीनला धरून ठेवायला पाणी मिळालं पाहिजे ना! एवढ्या एका बदलाने जे झालं ते तीनशे चाळीस रुपयांनी झालं नव्हतं.

मार्चपासून भानगड सुरू झाली. सकाळी क्रीम, वर सनस्क्रीन, वर स्टोल, वर हेल्मेट. ऑफिसात पोचून स्टोल सोडला की कपाळावर पांढऱ्या वळ्या, उटणं चोळल्यासारख्या. आधी वाटलं सनस्क्रीन खराब आहे. मग कळलं की दोन्ही एकमेकांवर घसरतात. दहा मिनिटं थांबून बघितलं, थोडं कमी झालं. शेवटी उन्हाळ्यात सकाळचं क्रीम बंदच केलं. दिवसा फक्त सनस्क्रीन, एसपीएफ ५०, दोन बोटांवर दोन रेघा भरून, आणि क्रीम रात्री. जळगावच्या ४४-४५ अंशांत ते पुरलं. मॅडमनी एक गोष्ट सांगितली होती, वांग फक्त उन्हाने नाही तर उष्णतेनेही खवळतात. त्यामुळे आता पोळ्या पहाटे उरकते. सनस्क्रीनही कातडीसारखा हलका रंग घातलेली (टिंटेड) घेतली, त्यातलं लोह ऑक्साइड डोळ्यांना दिसणारा प्रकाशसुद्धा अडवतं म्हणून. चेहऱ्यावर पांढरी झाकही येत नाही, हा आणखी एक फायदा.

मे महिन्यात बहिणीकडे डोंबिवलीला गेले. तिने माझा चेहरा बघून तीच ट्यूब आणली, पाच दिवसांत तिच्या कपाळावर पुळ्या. तिची कातडी तेलकट, हवा दमट, त्यात पेट्रोलियम जेलीचं क्रीम. मलाही तिथे रात्री लावलं की उशी चिकटायची. तिच्यासाठी मग जेलसारखं हलकं काहीतरी घेतलं आणि तिची ट्यूब मी घेऊन आले. दहा महिने मी हे क्रीम छान म्हणतेय, पण घाटाखाली राहत असते तर कदाचित दोनच तारे दिले असते.

एकदा फसवणूकही झाली. तिसरी ट्यूब ऑनलाइन स्वस्त दिसली, २१० रुपये, मागवली. खोक्यावरचा बॅच नंबर एक, ट्यूबवरचा वेगळा. उघडली तर मंद गुलाबाचा वास, आणि हे क्रीम तर बिनवासाचं. परत केली, पैसे मिळायला तीन आठवडे लागले. तेव्हापासून गल्लीच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमधूनच, बिल घेऊन.

आता वांगांचं. दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी साडेआठला स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभं राहून फोटो काढते, फ्लॅश नाही, फिल्टर नाही. दहा फोटो शेजारी शेजारी ठेवले तर पहिल्या चारांत काही फरक दिसत नाही. पाचव्यापासून कडा थोड्या पुसट आहेत. वांग गेलेले नाहीत. जे कमी झाले ते नायसिनामाइडने की सनस्क्रीनने, हे मला ठरवता येत नाही. माझा कौल सनस्क्रीनला. मॅडम म्हणतात आता वाटल्यास वांगांवरचं औषध सुरू करता येईल, कातडी सोसेल. मी दिवाळीनंतर बघू म्हटलं. नाकाजवळच्या लाल शिरा मात्र तशाच आहेत.

तक्रारी आहेत. झाकण तकलादू, तिसऱ्या आठवड्यात तुटतं, सहापैकी चार ट्यूबांचं तुटलं. नळीचं तोंड इतकं मोठं की थंडीत जपून दाबलं तरी दोन वेळचं बाहेर येतं. भाव मार्चमध्ये ३४० वरून ३६५ झाला. हिवाळ्यात दोन वेळ लावून एक ट्यूब ३८ दिवस पुरली, म्हणजे दिवसाला नऊ रुपये, आमच्या ऑफिसखालच्या टपरीवरच्या कटिंगच्या आसपास. उन्हाळ्यात एकच वेळ, म्हणून अडीच महिने चालली.

काल ट्यूब कापत होते तेव्हा आई शेजारी येऊन बसली. कापलेल्या अर्ध्या भागात बोट घालून तिने थोडं क्रीम काढलं, हुंगलं, म्हणाली, 'वासच नाही याला.' मग टाचेला लावलं. सकाळी बघते तर उरलेली अर्धी ट्यूब तिच्या कपाटात, कैलास जीवनच्या डबीशेजारी. माझे तीन दिवस गेले. संध्याकाळी मेडिकलवरून सातवी आणायची आहे.