बैठकीगणिक फी की वर्षाचा करार? कोकणातल्या बिझनेस कोचसाठी

कोकणात नव्याने बिझनेस कोचिंग सुरू करणारे बहुतेक जण इथेच अडतात: क्लायंटकडून बैठकीगणिक फी घ्यावी, की वर्षाचा करार करावा? मी दोन्ही पद्धतींनी काम केलं आहे.

बैठकीगणिक फीचे फायदे खरे आहेत. आपल्याकडे माणूस आधी पारखून घेतो. पहिल्याच भेटीत वर्षाचा आकडा ऐकला की वेंगुर्ल्याचा काजू कारखानदार ‘बघू, कळवतो’ म्हणतो आणि विषय तिथेच राहतो. एका बैठकीचे पैसे मात्र तो उठता उठता यूपीआयने देतो. पटलं नाही तर दोघेही मोकळे.

वर्षाच्या करारात हंगाम आडवा येतो. आंबा बागायतदार मार्च ते मे भेटणार नाही. निवास-न्याहारीवाल्यांना दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात मान वर करायला फुरसत नसते. गणपतीत तर सगळेच घरी. त्यामुळे दरमहा एक बैठक हे ठरलेलं वेळापत्रक इथे मोडतंच. शिवाय तुमची जीएसटी नोंदणी असेल, तर आगाऊ घेतलेल्या फीवर १८ टक्के कर पैसे मिळाले तेव्हाच लागू होतो, बैठका पुढे व्हायच्या असल्या तरी. सुरुवातीच्या काळात हे जड जातं.

एवढं असूनही माझा कल कराराकडे झुकला, तो एका मेसेजमुळे. ‘सर, पाच मिनटा बोलूचा होता, ह्येचे पैशे वेगळे काय?’ बैठकीगणिक फी घेत होतो तेव्हा असे मेसेज सारखे यायचे. मी नाही म्हणायचो, तरी पुढच्या वेळी माणूस संकोचायचा. विचारणाऱ्यांची चिंता नव्हती. न विचारता गप्प बसणाऱ्यांची होती.

देवगडच्या एका बागायतदाराबरोबर पावसाळ्यात बसून थेट विक्रीची आखणी केली होती. जुनी गिऱ्हाइकं, पेट्यांचे दर, मुंबईला माल पोचवायची सोय, सगळं कागदावर आलं होतं. मोहराच्या आधी फवारणीच्या खर्चासाठी दलालाने उचल देऊ केली. ती घेतली की माल त्यालाच द्यायचा, हे ठरलेलं. दहा मिनिटं बोललो असतो तर दुसरी वाट शोधता आली असती, निदान थोड्या पेट्या बाजूला ठेवता आल्या असत्या. पण एवढ्याशा प्रश्नासाठी बैठक कशाला, म्हणून त्याने उचल घेतली आणि मला नंतर सांगितलं. त्या हंगामापुरती आमची आखणी कागदावरच राहिली. मला हे फार लागलं.

करार झाल्यावर तोच माणूस संध्याकाळी पट्टीचा, म्हणजे दलालाकडून येणाऱ्या विक्रीच्या हिशेबाचा, फोटो पाठवू लागला. भाडं, हमाली आणि त्याखाली एक रक्कम, जिच्यापुढे काहीच लिहिलेलं नाही. ‘ही वजावट कसली?’ आम्ही फोनवरच ओळीओळीने पट्टी वाचली. दुसऱ्या दिवसापासून तो पाठवलेल्या पेट्यांची स्वतःची वही ठेवू लागला. माझ्या मते नातं अशा फोनांवर टिकतं, बैठका त्यामानाने दुय्यम.

इतरांचा अनुभव वेगळा असू शकेल. गिऱ्हाईक अगदी नवखं असेल, किंवा एखाद्या नेमक्या कामापुरतंच येत असेल, तर बैठकीगणिक फीच बरी. मीही पहिल्या एक-दोन बैठका तशाच घेतो. करारात मात्र दोन गोष्टी लिहून ठेवा: बैठका हंगाम बघून मागेपुढे होतील, आणि महिनाभर आधी कळवून कोणीही थांबू शकेल. कराराच्या अटी पाळून काम कधीही थांबवण्याचा दोन्ही बाजूंचा हक्क इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनची आचारसंहिताही मानते. हे कलम वाचलं की लोक सही करायला कमी कचरतात, असं मी पाहिलं आहे.

आणि नूतनीकरण ३१ मार्चला ठेवू नका. बागायतदाराच्या पट्ट्या जूनपर्यंत मिटतात. ट्रॉलरमालकाला १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदीत वेळ असतो, म्हणून बैठका तेव्हा जास्त घ्या, पण हप्ता होड्या पुन्हा सुटल्यावर मागा. काजूवाल्याचा पैसा फेब्रुवारी ते मे कच्च्या बियांत अडकलेला असतो; त्याचा मोठा हप्ता दिवाळीनंतरचा लिहा.