तेलाची कॉइल की एपॉक्सीची? गोव्याच्या पावसात पॉइंटच्या गाडीसाठी

पॉइंटवर, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधल्या कॉइलचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कांवर, चालणारी जुनी गाडी ज्यांनी अजून रस्त्यावर ठेवली आहे, त्यांना बाजारातून नवी इग्निशन कॉइल (बॅटरीच्या १२ व्होल्टपासून प्लगच्या ठिणगीसाठी मोठा विजेचा दाब तयार करणारा डबा) आणताना निवड दोनच प्रकारांत करावी लागते. एक नेहमीचा तेल भरलेला डबा. दुसरा दिसायला तसाच, पण आत एपॉक्सी ओतून घट्ट केलेला. माझ्या पद्मिनीत मी दोन्ही वापरल्या आहेत. तेलाची नऊ वर्षं वापरली आणि एपॉक्सीची गेले चार पावसाळे चालू आहे. चौकोनी ई-कोर कॉइल मी या तुलनेत घेतलेली नाही. तिचा रोध फार कमी असतो आणि साध्या पॉइंटवर लावली तर पॉइंट जळतात.

दोन्हींत जे सारखं आहे ते आधी उरकून टाकतो. बॅलास्ट (करंट आवरायला कॉइलच्या आधी जोडलेला वेगळा रोध) नसलेल्या गाडीला प्रायमरी रोध, म्हणजे प्लस-मायनस टर्मिनलांमधला रोध, ३ ओहमच्या आसपास असलेलीच कॉइल घ्या. १२ व्होल्टला ३ ने भागलं की ४ अँपिअर येतात आणि तेवढा करंट पॉइंट सोसतात. बॅलास्टसाठी केलेली १.५ ओहमची कॉइल थेट लावली तर करंट दुप्पट होतो. दुकानात मीटर मागून घ्या, आधी मीटरच्या दोन्ही वायरी एकमेकींना लावून आलेला आकडा लक्षात ठेवा, मग कॉइल मोजा आणि त्यातून तो वजा करा. खोक्यावर छापलेल्या ४०,००० व्होल्टकडे बघून जास्त पैसे मोजू नका. प्लगची फट ओलांडायला लागतो तेवढाच दाब तयार होतो, त्यापुढे तो चढत नाही.

आता ज्या गोष्टीने माझा निर्णय केला, ती सांगतो.

मी पेडणे तालुक्यात किनाऱ्याजवळ राहतो. गाडी माडांखाली पत्र्याच्या छपरात असते, तीन बाजू उघड्या. जून लागला की हवेत पाणी आणि मीठ दोन्ही. माझी तेलाची कॉइल आधीच्या मेस्त्रीने फायरवॉलवर (इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या पत्र्यावर) उभी बसवली होती, जाड वायर बसते ते तोंड वर, अगदी पुस्तकात सांगतात तशी. पण त्या तोंडाच्या बरोबर वर बोनेटची मागची फट येते आणि काचेवरून ओघळणारं पाणी तिथूनच थेंब थेंब आत पडतं. वायरीवरची रबरी टोपी कितीही दाबून बसवली तरी पाणी वायरीच्या कडेने उतरतं आणि तोंडाच्या खोबणीत साचतं. खोबण म्हणजे वाटीच. वर तोंड असलेली वाटी पावसात दुसरं काय करणार?

रात्रभर पाऊस पडला की सकाळी गाडी स्टार्टर फिरवायची, पण पेट घ्यायची नाही. कधी पेट घ्यायची, पण दोन सिलिंडरवर धडधडत राहायची. दुपारी ऊन पडलं की काहीच झालं नसल्यासारखी चालायची. या दुपारच्या बरं होण्यामुळेच दुखणं सापडायला उशीर झाला. मी कंडेन्सर बदलला, पॉइंट बदलले, प्लग दोनदा बदलले. शेवटी म्हापशाच्या एका वयस्क मेस्त्रीने वायर उपसली, खोबणीत बोट घातलं आणि बोट मला दाखवलं. पितळेवर हिरवट-पांढरा थर आणि त्यावर ओल. “उदक भितर गेलां,” एवढंच म्हणाला.

त्या रात्री घरी दिवे बंद करून, इंजिन चालू ठेवून कॉइलच्या डोक्यावर फवाऱ्याच्या बाटलीने थोडं पाणी मारलं. तोंडापासून प्लसच्या टर्मिनलकडे निळसर रेघ सरपटताना स्पष्ट दिसली. ओलावा आणि मीठ मिळून ठिणगीला सोपी वाट देतात. ती वाट एकदा जळून काळी पडली की कोरड्या दिवसातही ठिणगी तिथूनच निसटते. मग पुसून भागत नाही, कॉइल टाकावी लागते. ही तपासणी तुम्हीही करा, फक्त हात लांब ठेवा आणि पेट्रोलचा वास येत असेल तर अजिबात करू नका.

उपाय मी सगळे केले. सिलिकॉन ग्रीस भरलं, नवी टोपी आणली, सायकलची ट्यूब कापून गुंडाळली. प्रत्येक उपाय दोन-तीन आठवडे टिकला. ट्यूबने तर उलट ओल आतच कोंडली.

मग वाटलं, कॉइलच फिरवून तोंड खाली करू. पाणी साचायलाच नको. तेलाच्या कॉइलची अडचण इथे आली. डब्यात तेल काठोकाठ भरलेलं नसतं, गरम होऊन फुगायला थोडी जागा सोडलेली असते. डबा उभा असेल तर ती पोकळी वर राहते. उलटा केला की तेलाचा सगळा भार तोंडाकडच्या दुमडीच्या सांध्यावर येतो आणि पोकळी दुसऱ्या टोकाला जाते. कितीतरी गाड्यांत कंपनीनेच कॉइल आडवी बसवलेली असते आणि ती चालते, म्हणून मी तोंड पूर्ण खाली न करता तिरकं खाली केलं. दोन महिन्यांत सांध्याशी तेलकट ओल दिसू लागली. पुढे साखळी-केरीमार्गे बेळगावला जाताना चोर्ला घाटात गाडी तापल्यावर झटके द्यायला लागली. कदाचित ती कॉइल आधीच थकलेली असेल. सगळा दोष तिरकेपणाला देणं बरोबर नाही. पण माझा विश्वास तिथे संपला.

एपॉक्सीच्या कॉइलमध्ये हलणारं, झिरपणारं काही नाही. ती उभी, आडवी, उलटी, कशीही बसते. मी ती फायरवॉलवरून काढून मडगार्डच्या आतल्या भिंतीवर नेली, तोंड तिरकं खाली. चार पावसाळ्यांत खोबणीत पाणी सापडलेलं नाही. दर वर्षी चतुर्थीच्या आधी मी वायर उपसून बघतो. पितळ पिवळंच असतं.

एवढं असूनही तेलाच्या कॉइलला मी कमी लेखणार नाही. उष्णता बाहेर टाकण्यात ती सरस आहे. तेल आतल्या आत फिरतं आणि वेटोळ्यांची धग डब्याच्या पत्र्यापर्यंत पोहोचवतं. मे महिन्यात पणजीच्या गर्दीत अर्धा तास सरपटल्यावर माझी एपॉक्सीची कॉइल हाताला जास्त चटका देते, एवढं मी नक्की म्हणेन. मोजलेलं नाही, हाताचा अंदाज आहे. इंजिन बंद आणि चावी चालू अशी गाडी विसरलात, आणि नेमके पॉइंट मिटलेले असले, तर तेलाची कॉइल ते जास्त वेळ सोसते. एपॉक्सीला अशा तापण्याने तडे जाऊ शकतात, आणि तडा आत गेला तर बाहेरून कळत नाही. शिवाय तेलाची कॉइल म्हापशात, मडगावात, फोंड्यात कुठेही उभ्या उभ्या मिळते. एपॉक्सीची मला मागवावी लागली आणि जवळपास अडीचपट पैसे पडले. धक्क्यांच्या बाबतीत मात्र एपॉक्सी पुढे. खाणीच्या भागातल्या उखडलेल्या रस्त्यांवर रोज जाणाऱ्याने हेही धरावं. घट्ट ओतलेल्या वेटोळ्यांना हादरे लागत नाहीत.

बसवताना दोघींची गरज वेगळी आहे. तेलाच्या डब्याखाली मी रबराची पातळ पट्टी घालत असे, म्हणजे हादरे कमी आणि क्लॅम्प आवळताना पत्रा चेपत नाही. चेपलेल्या पत्र्याने आतलं इन्सुलेशन दुखावतं, म्हणून क्लॅम्प डबा फिरणार नाही इतपतच आवळायचा. एपॉक्सीच्या डब्याखाली रबर नको. तिची धग बाहेर जायला धातूला धातू लागलेला हवा. जागा दोघींनाही बॉडीवरच द्या. इंजिनवर हादरे आणि उष्णता दोन्ही जास्त. एक्झॉस्टच्या बाजूला तर नकोच. नट-बोल्ट स्टेनलेसचे घ्या, साधे आमच्याकडे एका पावसात गंजून एकजीव होतात.

तोंड खाली ठेवणार असाल तर हाय टेन्शन वायरीकडे, म्हणजे तोंडातून डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या जाड वायरीकडे, लक्ष द्या. ती खोबणीत फक्त घट्ट बसल्यामुळे टिकलेली असते. खाली लोंबत राहिली तर हादऱ्यांनी हळूहळू सरकते. तोंडापासून चार-पाच बोटांवर तिला क्लिप मारा आणि पुढे थोडा झोळ सोडून मग डिस्ट्रिब्युटरकडे वर न्या. म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोळाच्या तळाशी गळतं, टोपीत शिरत नाही.

टर्मिनल उलटसुलट लावण्याची चूक अनुभवी हातांकडूनही होते. प्लस चावीकडे, मायनस डिस्ट्रिब्युटरकडे. जर्मन पद्धतीच्या कॉइलवर हेच १५ आणि १ असं लिहिलेलं असतं. उलट लावली तरी गाडी चालू होते, म्हणून लक्षात येत नाही. पण प्लगच्या तापलेल्या मधल्या टोकाकडून बाहेर जाणारी ठिणगी कमी दाबात उडते. उलट जोडणीत जास्त दाब लागतो, आणि तो कमी पडतो तो नेमका ओल्या सकाळी.

तुमची गाडी बंद गॅरेजमध्ये राहत असेल, कॉइलच्या जागेवर पाणी येत नसेल, किंवा ती फोंडा-केपे बाजूला समुद्रापासून आत असेल, तर तेलाची ३ ओहमची कॉइल घ्या, तोंड वर ठेवून बसवा आणि उरलेल्या पैशांत चांगल्या वायरी आणा. किनाऱ्यालगत, उघड्यावर ठेवलेल्या गाडीसाठी मात्र मला विचाराल तर मी एपॉक्सीकडेच बोट दाखवीन. तिची धग मला सांभाळता येते. खोबणीतलं पाणी नऊ वर्षांत सांभाळता आलं नाही.

जुन्या मापाची एक तेलाची कॉइल मी डिकीत ठेवतो, कारण अनमोड घाटात एपॉक्सीची मिळणार नाही. माझ्याकडच्या दोन्ही डब्यांना एकच क्लॅम्प बसतो. मडगार्डच्या पट्टीला मी भोकांच्या दोन जोड्या पाडून घेतल्या आहेत, एक तोंड खाली ठेवायला, दुसरी उभं ठेवायला, आणि वायर दोन्हीकडे पोहोचेल एवढी लांब घेतली आहे. दहा नंबरचा पाना त्याच कॉइलला दोरीने बांधलेला आहे.