कथा छापतो म्हणून १७,४०० रुपये घेतले, आणि माझी कथाही गेली

मी परभणीची. दिवसभर मेडिकलवर कामाला असते, रात्री साडेनऊला शटर पडलं की घरी, मग स्वयंपाक, भांडी, आणि अकरा वाजले की वही. हे आधी सांगायले कारण मी जी फसले ना ती दमलेली असताना फसले, आणि असे दमून लिहिणारे आपल्या मराठवाड्यात लई आहेत. त्यांच्यासाठीच लिहायले.

२०२३ च्या उन्हाळ्यात माझी तीन कामं एकदम चालू होती. एक कादंबरी, आजीच्या गावची, रझाकारांच्या काळातली, १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य गेलं त्याच्या आधीची दोन वर्षं. त्यासाठी दर रविवारी एसटीनं जाऊन म्हाताऱ्या माणसांना भेटायचं, ऐकायचं, लिहून घ्यायचं, कारण ते दिवस डोळ्यांनी बघितलेली माणसं आता बोटावर मोजण्याएवढी राहिलीत. दुसरं म्हणजे चार कथा अर्धवट पडलेल्या. तिसरं भाच्यासाठी सुरू केलेल्या लहान मुलांच्या गोष्टी. एकीत हात घातला की दुसरी सुटायची, कादंबरीतली आजी कथेत बोलायला लागायची, कोणता खर्डा शेवटचा तेही कळंना.

पूर्ण झालेली कथा एकच, 'वाढ्याची पेंढी'. ऊसतोडीला गेलेल्या एका कोयत्याची, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीची. ती बाई संध्याकाळी वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून चार पैसे बाजूला ठेवते, मुकादमालाही कळू देत नाही आणि नवऱ्यालाही नाही, एवढीच गोष्ट. सात वेळा लिहिली ती मी. जूनमध्ये एका दिवाळी अंकाला मेल केली. त्यांची अट सरळ होती, कथा अप्रकाशित पाहिजे आणि निर्णय होईपर्यंत दुसरीकडं द्यायची नाही.

जुलैत व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला. 'ताई, तुमच्या लेखणीत मातीचा वास आहे.' लिहिणाऱ्यांच्या एका ग्रुपवर मी कथेचं पहिलं पान टाकलं होतं, तिथून त्यानं नंबर उचलला. चाळीस लेखकांचा प्रातिनिधिक कथासंग्रह काढायलोय, तुमची कथा निवडली, सहभाग शुल्क २,१०० फक्त. माझी कथा दुसरीकडं दिलीय म्हणाले तर म्हणे 'ताई, ते मोठे लोक, ते तुम्हाला उत्तर तरी देतील का, साभार परत येईल.' हे वाक्य बरोबर वर्मी लागलं. दोन कथा आधी साभार परत आल्याच होत्या. त्या रात्री मी अंकाला मेल केली की कथा मागं घेते. पैसे तर गेलेच, पण ती मेल आठवली की मला अजून झोप लागत नाही.

मग एकेक निघत गेलं. आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख-नंबराचे, १,८००. मग तुम्हाला पुरस्कार जाहीर झालाय, सन्मानचिन्ह, शाल आणि हॉलचे ३,५००. मग कादंबरीचा विषय काढला, २५ हजारांचं पॅकेज, छपाई विक्री सगळं आम्ही बघतो, त्यातले १०,००० आधी भरा. तेही भरले, आणि पहिली पाच प्रकरणं पाठवून दिली. आजीनं मला एकटीला सांगितलेल्या गोष्टी आहेत त्यात. घरात ह्यांना सांगितलं नव्हतं, भिशीचे पैसे होते.

दिवाळी झाली, पुस्तक नाही. डिसेंबरात एक पीडीएफ आली. उघडली तर माझ्या कथेतली एक वेलांटीसुद्धा कोणी दुरुस्त केलेली नाही, 'वाढे'च्या जागी तीन ठिकाणी 'वाडे' झालेलं. त्यानं ती वाचलीच नव्हती. खरा संपादक नाकारताना सुद्धा एखादी ओळ लिहितो की शेवट घाईत झालाय, हा माणूस नुसतं छान छान म्हणत होता तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं.

मेडिकलवर बॅच नंबर तपासायची सवय, म्हणून पीडीएफवरचा आयएसबीएन बघितला. १३ आकडे होते, सुरुवात ९७८ नं, पण हा नंबर गणितानं तपासता येतो. पहिला आकडा तसाच, दुसऱ्याची तिप्पट, तिसरा तसाच, चौथ्याची तिप्पट, असं शेवटपर्यंत करून बेरीज करायची, तिला दहानं पूर्ण भाग गेला पाहिजे. गेला नाही. दोनदा केलं कॅल्क्युलेटरवर. म्हणजे नंबर मनानंच टाकलेला. आणि मग कळलं की आपल्या देशात आयएसबीएन राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून फुकट मिळतो, स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकालाही अर्ज करता येतो. त्याचे माझ्याकडून १,८०० घेतले, बाकीच्यांकडूनही घेतलेच असतील.

फोन केला तर नंबर बंद. पैसे ज्या यूपीआयवर टाकले तिथं नाव वेगळंच होतं, हे मी भरतानाच बघितलं होतं आणि 'अकाउंटंट असेल' म्हणून सोडून दिलं. १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला, ऑनलाइन तक्रारही टाकली, पण महिने उलटून गेले होते. अशा वेळी लगेच, त्याच तासात फोन केला तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात, म्हणून लाजत बसू नका, मी लाजेपायी आणखी दोन आठवडे घालवले.

ओळखीच्या एका वकील काकांना कादंबरीच्या पाठवलेल्या प्रकरणांचं विचारलं. ते म्हणाले, बाई, लिहिलं तेव्हाच कॉपीराइट तुझा झाला, हक्क द्यायचे तर लेखी आणि तुझ्या सहीनं द्यावे लागतात, १९५७ च्या कायद्यात तसंच आहे, तू सही कुठंच केली नाहीस ना. नव्हती केली. तेवढा एक श्वास सुटला. नोंदणीची फी ५०० रुपये, ती कादंबरी पुरी झाली की भरणार.

'वाढ्याची पेंढी' मात्र आता अप्रकाशित राहिली नाही. पीडीएफ चाळीस जणांकडं गेलीय. मी अंकाच्या संपादकांना फोन करून सगळं खरं सांगितलं, ते रागावले नाहीत, पुढच्या वर्षी दुसरी पाठवा म्हणाले. फोन ठेवून मी मेडिकलच्या मागच्या गल्लीत जाऊन रडले.

आता एक रजिस्टर केलंय. कथेचं नाव, शब्द किती, कुठं पाठवली, तारीख, उत्तर. एक कथा एका वेळी एकाच जागी. जूनपर्यंत फक्त कथा, कादंबरीला दिवाळीनंतर हात लावायचा, आणि प्रकाशकाला पूर्ण कादंबरी आधी द्यायची नाही, दोन प्रकरणं आणि गोषवारा पुरे. पैसे मागितले की तिथंच थांबायचं.

परवा गंगाखेडच्या एका मैत्रिणीनं स्क्रीनशॉट पाठवला. नंबर नवीन, नाव नवीन, यावेळी बालकथांचा संग्रह, शुल्क २,५००. सुरुवात तीच, 'ताई, तुमच्या लेखणीत मातीचा वास आहे.' तिनं अजून भरले नव्हते.